लॅब गप्प झाली तेव्हा

एप्रिलचं बिल मोठ्या बाईंनी टेबलावर पालथं ठेवलं,
हरणाऱ्याने पत्ते ठेवावेत तसं.
म्हणाल्या, पद्मजा, तुझी एक खोली
अख्ख्या शाळेची वीज पिते.

खरंच होतं. तीस जुन्या सीपीयूंची घरघर,
आणि त्यांनी तापवलेली हवा निववायला दोन एसी,
म्हणजे चुलीपाशी बसून स्वतःला वारा घालायचा.
तीन वर्षं मी त्या घरघरीवर आवाज चढवून
फाइल सेव्ह करा, फाइल सेव्ह करा, सांगत आले.
घरी नवरा म्हणायचा, ओरडतेस कशाला?

जूनमध्ये खोकी आली.
जेवणाच्या डब्याएवढी तीस डबडी,
आत फिरणारं काहीच नाही, ना पंखा ना तबकडी.
आणि एकच मोठं यंत्र, तेही नवं नव्हे,
बेलापूरच्या कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेलं.
कपाटात, जाळीच्या दारामागे त्याला बसवलं.
सगळा हिशेब त्याने करायचा,
डब्यांनी नुसता दाखवायचा.

सातवीतल्या विघ्नेश शेडगेला ते एका दमात कळलं.
त्याचे वडील एपीएमसीत माथाडी.
"म्हणजे बाई, पोतं एकानंच उचलायचं
आणि बाकीच्यांनी पावत्या फाडायच्या."
वर्ग हसला. मी नाही हसले.
इतकं नेमकं कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नव्हतं.

गजानन भोईर शिपाई, लॅबच्या मीटरचे आकडे
टाकीमागच्या भिंतीवर खडूने लिहायचा,
खाडीकाठी भरतीच्या वेळा लिहाव्यात तसे.
एकोणचाळीस. एकेचाळीस. रविवार, शून्य.
मग एकदम अकरा.
परत जाऊन बघून आला. अकराच.
मीटर गेला वाटतं, म्हणाला,
आणि दोन दिवस भिंतीवर काही लिहिलंच नाही.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

पहिल्या दिवशी बटणं दाबली, पडदे उजळले,
आणि काहीच ऐकू आलं नाही.
मग हळूहळू, शेजारच्या वर्गातला खडू.
रबाळ्याच्या रस्त्यावर मागे येणारा टेम्पो.
आणि तिसऱ्या रांगेतून एक पुटपुट:
क ला काना का. ग. द ला वेलांटी...
नाही, द ला काना.
फिरदौस. प्रत्येक अक्षर
आधी ओठांवर ठेवून मग बोटाने दाबत होती.
तीन वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहीत आले:
वर्गात बोलत नाही.

तिची अम्मी महाप्याला फरशी पुसते,
त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत,
जिथे जगाचे फोटो आणि हिशेब गारठ्यात ठेवतात.
मे महिन्यात स्वेटर घालून निघते.
"तिथं पण असंच गप्प आहे का गं?" मी विचारलं.
"नाही बाई. अम्मी म्हणते,
घरी आल्यावरपण कानात गुणगुण राहते."

ऑगस्टमध्ये मोठं यंत्र बसलं.
तीसच्या तीस पडदे एका क्षणात काळे.
"पोतं पडलं," विघ्नेश म्हणाला, आणि या वेळी
कोणी हसलं नाही.
चार दिवस मी फळ्यावर कीबोर्ड काढून
बोटं कुठे ठेवायची ते शिकवत राहिले.
तीस मशीन होती तेव्हा
दोन-चार तर रोजच आजारी असायची,
पण सगळी मिळून कधी नाही.
हेही खात्यात मांडायला हवं.

वाचलेल्या पैशांतून बाईंनी पुस्तकांचं कपाट मागितलं.
वरून उत्तर आलं: बिल कमी येतंय, सबब
पुढील वर्षी तरतूद कमी करण्यात येत आहे.
बाईंनी ते पत्रही पालथं ठेवलं.
गजाननला आकडे लिहू दे, एवढंच म्हणाल्या.

मी मात्र कपाटातून प्रगतिपुस्तक काढून
तो शेरा खोडलाय. शाईने, दोन रेघांनी.
त्याच्या जागी काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.
ऐकतेय.