सेलरी

शिवाजी मार्केटात भाजीवाल्याला विचारलं, सेलरी आहे का.
तो म्हणाला, सॅलरी? ती मालकाकडे मागा, ताई.
त्याला काय ठाऊक,
अडीच महिन्यांची अजून यायचीच आहे.
हसले. जुडी घेतली,
शेंडे पिशवीबाहेर हलवत
घोरपडीपर्यंत चालत आले.

नऊ वर्षं मी टाइप केलं:
क्रीमी चिकन डंपलिंग, एक.
एकशे साठ होतं तेव्हापासून
तीनशे पंचाण्णव होईपर्यंत.
काउंटरवरून दिसायचे फक्त वाडगे,
जाताना वाफेचे, येताना चमच्याचे.
सात नंबरवरचा म्हातारा तळाशी पाव फिरवायचा,
कॉलेजच्या पोरी गाजरं कडेला लावून ठेवायच्या,
सगळं पाठ.
चव तेवढी माहीत नव्हती.
स्टाफला तीन वाजता डाळभात.

मग एका सोमवारी शटर उघडलं नाही.
बिष्ट फुटपाथवर बसून
आपली सुरी टॉवेलात गुंडाळत होता.
म्हणाला, दीदी, मी अल्मोड्याला चाललो,
लिहून घ्यायचं तर आत्ता घ्या.
पर्समध्ये जुनी बिलं होती, त्यांच्या पाठीवर घेतलं.
आज काढून बघते तर
पुढचं छापलेलं सगळं उडालंय,
तारीख, टेबल, रक्कम, थँक यू.
मागचं बॉलपेन राहिलंय.

कोंबडी हाडासकट.
तमालपत्र एकच, दोन घातली की काढा होतो.
लोण्यावर मैदा, लाल करायचा नाही,
वास बदलला की थांब.
सायीचं नीट ऐक: गरमात थंड ओतू नको,
थंडात गरम ओत, पळीपळीनं,
तिला आधी सवय होऊ दे.
आणि खाली दोन रेघा मारून:
गोळे सोडल्यावर बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

हळदीचा डबा तीनदा उचलला, तीनदा ठेवला.
मैदा सैल भिजव, चमच्यानं सोड, असं कागद सांगत होता,
पण हातानं पोळपाट ओढला,
पोळी लाटली, शंकरपाळ्यांसारखी कापलीसुद्धा.
चकोल्यांचा हात. त्याला कोण समजावणार.
त्या चकोल्या बाजूला ठेवल्या, उद्याच्या आमटीत जातील.
पुन्हा मैदा घेतला.

झाकणावर वरवंटा ठेवला.
रूथनं मोबाइलवर वेळ लावली.
बाहेर फाटक पडलं होतं,
दोन्हीकडचे हॉर्न खिडकीतून आत येत होते,
कुणालाच पुढे जाता येत नव्हतं, मलाही नाही.
मालकाचा नंबर अजून ‘सर’ म्हणूनच सेव्ह आहे.
काढला. बघितला.
चार मिनिटं राहिली होती.
लावला नाही.
झाकण उघडायचं नसतं तेव्हा
माणूस नाही नाही ते उघडायला बघतं.

गोळे एकमेकांना चिकटून
एकच मोठी इडली झाली होती, वर कोथिंबीर.
पहिला चमचा.
खरं सांगते, जरा हिरमुसले.
आजारी माणसाला देतात तसं काहीतरी,
फक्त श्रीमंत आजारी माणसाला.
रूथ म्हणाली, आई, याचे तीनशे पंचाण्णव?
म्हटलं, टॅक्स वेगळा.
तिनं ठेच्याची वाटी ओढली.
मी नाही घेतला. मला जसं होतं तसंच हवं होतं.
दुसऱ्या चमच्याला मिरी लागली,
तिसऱ्याला हाडाचा अर्क, हळू, मागून,
आणि मग मी बोलले नाही.
तळाशी पाव फिरवला.

रात्री भांडी घासताना हिशेब केला, सवयच ती:
अडीच महिन्यांचे पस्तीस हजार,
म्हणजे अठ्ठ्याऐंशी वाडगे, वर दोनशे चाळीस.
आज तिघांत पाच गेले.

बिष्टला फोटो पाठवलाय.
एकच टिक आलीय.
गावाकडे नेटवर्क डोंगर चढून शोधावं लागतं म्हणायचा.