पाच मुडदुश्या

खंडेनवमीला लेथ मशीन पुसून, हळद लावून बंद केलं
तेव्हाच ठरवलं होतं.
फाउंड्रीत उरलेलं शिसं
डब्याच्या झाकणात वितळवून
गळाची सहा वजनं ओतली,
चिंचोक्याएवढी. एकावर खिळ्यानं
माझं अक्षर कोरलं. उगाच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची कारवार गाडी.
पाटी कानडीत, कंडक्टर खानापूरचा,
सुट्टे नाहीत म्हणून मराठीत कुरकुरणारा.
लोंढा, रामनगर, जोयडा.
अणशी घाटात कान बंद झाले
आणि उघडले तेव्हा
हवेला घामाची चव होती.

कोडीबागेत व्यंकटी हरिकंत्र उभा.
आपट्याचं पान त्यानं कानामागे खोचलं,
सोनं बरं, म्हणाला, पण सुंगटां हाडल्यांत मरे?

इथं काळी नदी समुद्राला मिळते,
पण लगेच नाही.
बराच वेळ दोन पाणी शेजारी शेजारी चालतात,
एक गढूळ, धरणातलं, कुजक्या पानांचं,
एक हिरवं,
आमच्या गल्लीत दोन भाषा
एकाच गिरणीत दळणाला जातात, तशी.
त्या रेघेवर टाक, व्यंकटी म्हणाला,
मासळी रेघेवर चरते.

पहिले दोन तास मी फक्त
समुद्राला सुंगटं चारली.
आश्विनाचं ऊन मानेवर तव्यासारखं.
मग एक मुडदुशी आली, वीतभर,
वाळूच्याच रंगाची.
मग काहीतरी आलं
जे आलंच नाही.
रीळ किंचाळलं, दोरा बोट कापत गेला,
व्यंकटी ओरडला, चोणक! सैल सोड, सैल!
आणि मी, जन्मभर नट आवळत आलेला माणूस,
आवळलं.

दोरा हलका झाला.
अक्षर कोरलेलं वजन त्यालाच होतं.

व्यंकटी हसला नाही.
बिडी पेटवताना एवढंच म्हणाला,
आतां तुजें नांव हांगां आसा.

बाजारात चार मुडदुश्या घेतल्या,
माझ्या एकीच्या मापाच्या. जरा मोठ्याच.
धाकट्यानं शाळेत सांगून ठेवलं होतं.
बर्फ, थर्माकोलचा डबा, वरून दोरी,
आणि व्यंकटीच्या आईनं पुडीत बांधलेली तिरफळं.
कांदो घालूं नाका, तिनं दोनदा बजावलं.

घाट चढताना डबा ठिबकत राहिला.
शेजारच्या म्हाताऱ्यानं पाय वर घेतले.
बांगडे काय?
पकडलेत, मी म्हणालो.
त्यानं विचारलं नव्हतं ते.

अनगोळला पोचेपर्यंत नऊ.
एवढ्या रात्रीचं कोण करायचं की हे,
म्हणत म्हणतच भारतानं विळी ओढली.
एकेक हातात घेऊन, दिव्याकडे धरून,
कल्ले काढले, पोट साफ केलं, मीठ चोळलं.
जरा जास्तच वेळ लावला.
खोबरं, ब्याडगी मिरची, धणे, हळद,
आणि मिक्सर सुरू होताच
हिरेमठांची खिडकी लागल्याचा आवाज आला.
आमसुलाचं आगळ. तिरफळं ठेचून, सगळ्यात शेवटी.
कांदा नाही घातला.
लसूण घातला, चार पाकळ्या.
त्यांच्या आईला सांगू नकोस जा.

पोरगा झोपत नव्हता.
केवढा होता? कसा ओढला?
मी चार मुडदुश्यांच्या चार गोष्टी सांगितल्या,
एकीला तर लाटेसकट बाहेर काढली.
चोणकाची नाही सांगितली.
एवढी एकच खरी होती
आणि ती सांगायला हातात काही नव्हतं,
बोटावरच्या कापाशिवाय,
त्यावर आता मीठ झोंबत होतं.

भारता ताटं वाढत होती.
माझ्या ताटात आली ती सगळ्यात लहान,
वरचा ओठ गळानं फाटलेला.
बाकी चौघींचे ओठ शाबूत होते.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.
काटं बघून खा, म्हणाली,
आणि भातावर
आणखी एक पळी आमटी घातली.