उभाच बरा

मी वजनकाटे दुरुस्त करतो.
किराण्याचे, कांद्याचे, एक सोनाराचा, काचेच्या पेटीतला.
अक्कलकोट, मंगळवेढा, नदीपलीकडं इंडीपर्यंत,
मोटारसायकलच्या मागं वीस किलो वजनं बांधून.
दुकानात पोचलो की
"बसा की ओ," म्हणतात सगळे.
"उभाच बरा," म्हणतो मी.

कंपनीची सीट पहिल्या वर्षातच फळी झाली.
मग हवेची गादी घेतली. वळणावर
मी एकीकडं, ती दुसरीकडं.
मग जेलची. एप्रिलातल्या दुपारी
बाजार समितीबाहेर तासभर गाडी उन्हात राहिली,
परत येऊन टेकलो
आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा उठलो.
मग शोरूममधली, मऊ, दोन बोटं रुतणारी,
तीन हजार आठशेची.
तिनं टेंभुर्णीपर्यंत साथ दिली.
टेंभुर्णीच्या पुढं माकडहाड,
आणि माकडहाडाखाली सरळ पत्रा.

साखर पेठेत मल्लेशम गाजूल सीटा बांधतात.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
फोमच्या कापट्या, ओठात धरलेल्या चुका,
शेजारच्या घरातून मागाचा खडखडाट.
त्यामुळं बोलतात ते ओरडून,
आणि कमी.

मी म्हणालो, वजन ब्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम.
(मला नेमकं माहीत असतं.)
"वजन कोण विचारलं?
भार कुठं पडतो ते सांगा."

पत्र्याच्या परातीत ओली वाळू, वर प्लास्टिकचा कागद.
बसवलं मला त्यात, भर रस्त्यावर.
एक शाळकरी पोरगा सायकल थांबवून बघत राहिला.
उठलो तर वाळूत दोन खड्डे,
डावा खोल,
उजवा नुसता उमटलेला.

दुकानात शिरताना पायरीवरूनच मी सांगतो
कुठलं पारडं झुकलंय.

गाजुलांनी माझ्या मागच्या खिशातून पाकीट ओढलं
आणि माझ्याच हातात ठेवलं.
पावत्या, मुदत संपलेलं लायसन्स, सिद्धेश्वराचा फोटो,
बावीस वर्षांची जाडी.
"ह्याच्यावर बसता तुम्ही. सीट काय करंल?"

तरी मी म्हणालो, जरा मऊच करा.
"मऊ सोफ्याला. सोफा कुठं जातो?"

खाली कडक फोम, वर बोटभर नरम,
मधोमध एक पन्हळ, हाडाला श्वास घ्यायला.
टाकीकडचा उतार उचलला,
पुढून निमुळती केली, पाय टेकावेत म्हणून.
काम करता करता, माग थांबला तेवढ्या वेळात, म्हणाले,
बाप खड्ड्याच्या मागावर बसायचा, चाळीस वर्षं.
बुडाखाली गोणपाट. चार घड्या.
पाचवी घालू द्यायचा नाही कुणाला.
"मला वाटायचं, गोणपाट वाचवतोय."

वरून रेक्झिन नको म्हणाले, मेमध्ये तवा होतो.
मागावर चुकलेल्या चादरीचा तुकडा ताणून बसवला,
त्यावर अर्धा मोर.
तोंडाचा भाग कुणाच्या तरी गाडीवर असेल.

अठराशे रुपये. पावती नाही.
"आठ दिवस शिव्या द्या. नवव्या दिवशी या."

शिव्या दिल्या.
सहाव्या दिवशी विजापूर रोडला लागलो.
नांदणीला एकदा, टाकळीला एकदा
उतरून कंबर मोडायची माझी रीत.
मनात एका काट्याची स्प्रिंग घोळत होती,
आणि आरशात पाहिलं तेव्हा
भीमेचा पूल मागं गेलेला.
पाकीट छातीशी, वरच्या खिशात,
अजून जड वाटत होतं.

इंडीत सिद्रामप्पा "कुंद्री" म्हणाला,
मान वर न करता,
हात गुळाच्या ढेपेवर तसाच.
स्टूल कुठंय, मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मग शोधायला लागला.
बराच वेळ लागला. स्टुलावर
फुटाण्यांच्या तीन पिशव्या होत्या, देवाची जुनी तसबीर,
आणि सगळ्यात खाली, उलटं ठेवलेलं,
मी केव्हातरी मोडीत काढलेलं पारडं.