सॅग

फ्रेम आली ती फ्रिजच्या खोक्यात,
बावधनच्या एका पोराकडून. तो आता पळतो म्हणे, चालवत नाही.
खालच्या नळीवर बोटभर ओरखडा.
मी त्यावर नख फिरवून पाहिलं आणि पैसे दिले.

बाकीचं आठ महिने येत राहिलं.
दिवाळीच्या बोनसमधून पुढचा फोर्क.
मग चाकं; मग बराच काळ नुसतीच चाकं,
कपाटावर आडवी. वन्सं विचारायच्या,
हे झुंबर कधी लावणार?

डहाणूकर कॉलनी, तिसरा मजला.
गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीला फ्रेम टांगली
आणि ओल्या चादरी आत, खुर्च्यांवर.

मुख्य सांध्याचा बोल्ट: चौदा न्यूटन-मीटर.
पाना ‘टिक’ म्हणाला की थांबायचं.
मला कुठली थांबायची सवय!
जन्मभर लोणच्याच्या बरण्या
जरा जास्तच आवळत आले आहे.

ब्रेकची नळी दोनदा मोजून कापली,
तरी आखूडच.

मागचा टायर रिमवर बसला तो असा दणक्यात
की खालून पडवळमामा धावत वर,
‘सिलिंडर का?’
हातावर, फरशीवर, तुळशीवर
टायरमधलं पांढरं दूध उडालेलं.

मामा चौतीस वर्षं आकुर्डीला, शॉकअपच्या लाइनवर.
मागच्या शॉकपाशी उकिडवे बसले,
परगावी अचानक
आपल्या आळीतलं कुणी दिसावं तसे.
‘ह्यात स्प्रिंग?’
‘नाही, हवा.’
‘नुसती हवा?’
दांडा अंगठ्याने पुसला. मग म्हणाले,
‘आमच्यात तेल गळायचं. तुमच्यात वारा गळेल.’

‘वजन किती?’
एकसष्ट, मी म्हणाले.
तक्त्यात बघून पंपाने हवा भरली.
भिंतीला कोपर टेकून बसले, श्वाससुद्धा जपून,
मामांनी वाकून रबरी कडं वर ढकललं,
अलगद उतरले.
हवं होतं साडेसोळा मिलीमीटर.
भरलं एकोणीस.

मामा पट्टीकडेच बघत राहिले, माझ्याकडे नाही.
‘पाणी, पिशवी, सगळं धरून सदुसष्ट,’ मी म्हणाले.
‘मग तसं सांगायचं.
शॉकअपपुढे कशाला लाजायचं?’

आणि मग, पंप लावता लावता,
‘आपल्या भाराने थोडं खचायलाच पाहिजे.
खचत नाही ती गाडी खड्ड्यात चाक टेकवत नाही,
वरच्यावर उडते.
आणि आपटते.’

खाली पार्किंगच्या कठड्यावरून
सात वेळा सायकल उतरवली, लाल खटका फिरवत,
एक टिचकी इकडे, दोन तिकडे.
मामांचा नियम: दबून एकदाच वर यावं,
दुसऱ्यांदा डोकं काढू नये.
वॉचमन म्हणाला, ताई, नवी आहे तरी बिघडली?

सकाळी सहाला वेताळ टेकडी.
गिरिपुष्पाची पानं, मोराची एक ओरड,
कानटोपीवाले दोघे हवेत हात फिरवत.
खाणीच्या अलीकडे ती दगडी पायरी,
जिथे चार वर्षं मी
जुनी सायकल खांद्यावर घेऊन उतरले.

सीट खाली. कोपर बाहेर. बोटं ब्रेकवर, हलकी.
पुढचं चाक गेलं,
मागचंही गेलं,
झालं.
मागे वळून पाहिलं तर दगड तेवढाच.

पडले पुढे, सपाट मुरमावर,
कानटोपीवाल्यांच्या देखत, जवळजवळ उभ्याउभ्याच.
कोपर सोललं.
नळीवरच्या ओरखड्याला शेजार मिळाला.

जिन्यात मामा, हातात दुधाची पिशवी.
मी काही बोलायच्या आत खाली वाकले,
कडं कुठवर गेलंय ते पाहिलं, पिशवी तशीच धरून.
‘चार मिलीमीटर शिल्लक ठेवलेस.’

फक्त चढावर एक टिकटिक येते.
मामा म्हणतात बोल्ट.
मी म्हणते सीटची नळी.
रविवारी सगळं पुन्हा उघडायचं ठरलंय.
चादरी मी शनिवारीच धुऊन घेतल्या.