कापून, की न कापता?

रंगाजुरी चहाबागेच्या दवाखान्यात
काटा एकच. तोही फॅक्टरीतून उतरलेला,
जन्मभर पानं मोजून थकलेला.
पाळणा अडकवून आम्ही त्याला बढती दिली.

परवा त्यावर एतवारी भूमिजची पोरगी ठेवली.
चौथा दिवस. मूठ घट्ट,
कुणाचं सुटं नाणं सांभाळत असल्यासारखी.
"अडीच किलो, बरोबर," मी म्हणालो.
एतवारीनं तबकडीकडं पाहिलंच नाही.
"डाक्टरबाबू, हे कापून, की न कापता?"

इथं टोपलीचे दोन किलो कापतात,
पानावरच्या पाण्याचा एक.
पाऊस नसला तरी तो एक कापतातच.
मी हसलो. मग ते हसू कुठं ठेवावं कळेना,
म्हणून स्टेथोस्कोप कानात घातला.

गुवाहाटीच्या परिषदेत एकानं पडद्यावर दाखवलं होतं:
आरोग्यावर घातलेला रुपया चौपट होऊन परततो.
कुणाकडं, हे विचारायला मी हात वर केला,
तेवढ्यात जेवण लागलं.

माझ्याकडं येते ती सुकुरमणी तांती,
प्रेशर एकशेऐंशी.
उन्हात उभ्या बायकांना बागच पाजते
मीठ घातलेला काळा चहा.
मी म्हणतो, मीठ सोड.
ती म्हणते, सोडते,
घाम मला सोडेल का तेवढं विचारा.

जालो खारियाला रक्त साडेपाच.
तिला हवी पंधरा दिवस विश्रांती.
मी सात लिहितो, कारण सातच्या वर मॅनेजरची सही लागते.
ती म्हणते, तीन करा,
आजारपणाची हाजरी पुरी भरत नाही.
मासळीबाजारात उभे असल्यासारखे आम्ही दोघं
तिच्याच रक्तावर घासाघीस करतो.
चारवर जमतं.

मीही बागेचाच नोकर.
माझा पगार पानांतून येतो, म्हणजे
त्या कापलेल्या किलोतूनही थोडा येत असणार.
तो हिशेब मी कधी मांडला नाही.
मुलगी जोरहाटला शिकते, तिच्या फीचा मांडतो.

पण काल रात्री झोप लागेना.
स्वयंपाकघरातून मिठाचा न फोडलेला पुडा घेतला,
टॉर्च घेतली, दवाखाना उघडला.
पुडा पाळण्यात निजवला.
एक किलो शंभर.
दुसऱ्या कंपनीचा आणला.
एक किलो शंभर.

अकरा वर्षं.
किती पोरं मी अडीचच्या काठावर नेऊन बसवली!
रजिस्टरात सुदृढ, जिल्ह्यातून शाबासकी,
भिंतीवर फ्रेम, फ्रेममागं पाल.
तिकडचा काटा कापत होता, माझा भर घालत होता,
आणि दूध तेवढंच होतं.

सकाळी स्क्रू फिरवला.
कंपाउंडर हेमकांत बघत उभा होता.
लाइनीतली सगळी तान्ही
एका रात्रीत शंभर ग्रॅमनं उतरली.
"वर काय कळवू?" त्यानं विचारलं.

खाली कळवायला मी स्वतःच निघालो,
सात नंबर लाइनीत.
एतवारी घरी नव्हती. पान तोडायला गेलेली,
सहाव्या दिवशी.
हंगामी मजुरांना इथं फालतू म्हणतात,
शिवी म्हणून नाही, हुद्दा म्हणून.
फालतूला बाळंतपणाची रजा नसते.

सासूनं बसायला मोडा दिला,
चहा दिला. मिठाचा.
बातमी सांगायची कशी ते जुळवत
मी तो सगळा प्यालो.
झोळीत पोरगी झोपली होती,
दोन किलो चारशे,
मूठ अजून उघडलेली नव्हती.