बेरीज

चांदिवलीच्या मागे, खाण बंद पडली तिथे
मी रविवारी जातो. का, ते बायकोला
अजून नीट सांगता आलेलं नाही.

क्रशरच्या जबड्यात उंबर उगवलाय.
खड्ड्यातलं पाणी हिरवंगार, तळ न दाखवणारं.
सुरुंगाची भोकं कातळात तशीच;
बोट घातलं की आत गारवा लागतो.

वीसेक खोल्या. छप्पर एकीलाही नाही.
सातवीच्या भिंतीवर कोळशानं, वाकडंतिकडं:
यल्लप्पा. चौदा, नऊ, अकरा ब्रास.
खाली दुसऱ्या कुणाच्या वळणदार अक्षरात:
एकूण तेहेतीस.

पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय.
बोटांवर मोजलं.
चौतीसच येतात.

दर खेपेला मोजतो.
परवा खिशात खडू नेला होता.
तसाच परत आणला,
बोटं मात्र पांढरी झालेली.