कोरडा क्लॅम्प

सूर्य बुडून चार तास होऊ दिलेत मी.
दिवसा ॲल्युमिनियम खोटं बोलतं,
आभाळाचं ऊन आपलंच म्हणून दाखवतं.
पौषातली रात्र, हिवरीचं उपकेंद्र,
कुंपणाच्या जाळीत अडकलेला कापसाचा एक बोळा.

दहाला शेतीचा फीडर चढतो.
हरभऱ्यात तुषार एकामागून एक उठतात
आणि काटा एकशेचाळीसवर जाऊन थरथरतो.
आता बघायचं.
भार नसताना सगळेच सांधे शहाणे.

शालिक नेवारे खुर्ची बाहेर काढून बसलेत,
एकतीस वर्षं लाइनवर, आषाढात सुटणार.
"काय म्हन्ते तुमची पेटी?"
पेटी अजून गप्प आहे.
"आमी काठीले मेणबत्ती बांधत होतो, मॅडम.
सांध्याले टेकवली अन् मेण गयलं, का समजाचं.
नाही तं पायटी दव पाहाचं.
साऱ्यायवर दव, अन् येकच क्लॅम्प कोरडा.
तोच चोर."
मग कानटोपी खाली ओढत:
"तवा भार तरी केवढा? दोन चक्क्या अन् येक टाकी.
आता रातभर तार तपते. दव बसतच नाही."

आर फेज, अठरा अंश.
वाय, एकोणीस.
बी, चौऱ्याहत्तर.

पडद्यावर पांढरा ठिपका, कडेला केशरी;
डोळा काढून वर पाहिलं तर
काळोखात काळा लोखंडी सांगाडा, दुसरं काही नाही.
याला ताप म्हणत नाही मी.
ताप येतो तो आतून कोणी लढतं म्हणून.
हे नुसतं सैल झालेलं असतं:
तांब्याला बांधलेलं ॲल्युमिनियम,
चैत्रात दोघं वेगवेगळी फुगतात,
पौषात वेगवेगळी आकसतात,
आणि मधल्या फटीतून
तेवढ्याच विजेला अंग चोरून जावं लागतं.

वीस मिनिटं मागितली. विभागाने तीनदा विचारलं,
उद्या चालणार नाही का.
उद्या, म्हणजे कुठल्यातरी उद्या,
वितळलेला थेंब खाली पडेल, तार सुटेल,
आणि मग सगळे येतील, जीपसकट.
"घ्या मग," ते म्हणाले. आवाजात झोप होती.

फीडर उतरला.
शिवारभर पंप बसल्याची एक पोकळी आली,
पाठोपाठ फोन. मूनचा उमेश, ओलीत अर्ध्यावर.
"वीस मिनिटं दादा." "लिहून द्याल?"

सुगत अर्थिंग लावून वर चढला. पाना, ब्रश, मलम.
मी कॅमेरा उगीच फिरवला:
तुरीत तीन पिवळे आकार, रोही, माना वर;
दूर मचाणावर जागलीचा एकटा माणूस,
चिलमीइतकाच उजेड त्याच्या तोंडाशी;
आणि शालिकभाऊ, शिडी धरून उभे.
उजव्या हाताची दोन बोटं निळी.
बाकी हात केशरी, ती दोन
गजासारखीच निळी, थंड.
मी कॅमेरा वर केला.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
शिडीवरून हात निघाला तेव्हा
तीन बोटांची ऊब क्षणभर गजावर राहिली.

"पाऊण आटा सैल होता," सुगत वरून ओरडला,
जणू हरवलेली किल्ली सापडली.

अठरा. एकोणीस. एकोणीस.

अहवालात आधीचा फोटो, नंतरचा फोटो.
'टळलेले नुकसान' असा एक रकाना आहे.
त्यात काय लिहू?
ओलीत पूर्ण झालं. उमेश मूनने पुन्हा फोन केला नाही.
चक्की सकाळी सुरू झाली, कोणी मान वर करून पाहिलं नाही.
मी लिहिलं: नट आवळला.

सहाला फीडर बंद झाला.
मी जीपमध्ये डोळे मिटून बसले होते;
काचेवर टकटक झाली.
"या, पाहा."
सूर्य अजून वर यायचा होता.
लोखंड निवलं होतं, आणि तिन्ही क्लॅम्पांवर
हळूहळू दव धरत होतं,
बीवर जरा उशिरा, असं मला वाटलं.
"पेटीत नाही दिसत हे," शालिकभाऊ म्हणाले,
आणि चहा ठेवायला आत गेले.